कढाई विगय आणि आतड्यांचा दाह

शिरूरच्या बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान चालविणाऱ्या एका श्रावकाला पन्नाशीत अल्सरेटिव्ह कोलायटिस जडला. दिवसातून दहा-बारा वेळा शौच, तेही रक्तमिश्रित. दौंडला लेकीकडे जायचे झाले तरी वाटेत स्वच्छतागृह कोठे मिळेल, हा हिशेब आधी करावा लागे. ज्याने जन्मात कांदा-लसूण चाखला नाही, चौविहार कधी मोडला नाही, त्याच्या पोटात हा दाह शिरला कसा, हे घरच्यांना उमगेना.

या रोगाचे नेमके एक कारण वैद्यकाला सापडलेले नाही. आनुवंशिकता, रोगप्रतिकारशक्ती, आतड्यांतील जीवाणू आणि आहार अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. मात्र भारतासह 21 देशांतील 1,16,087 प्रौढांच्या एका अभ्यासात (2021) असे आढळले की, कारखान्यात बनलेले अतिप्रक्रियायुक्त पदार्थ दिवसाला पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांना, दिवसाला एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत, आतड्यांच्या दाहक विकाराचा धोका सुमारे 1.8 पट होता. शीतपेये, पाकिटातील गोड पदार्थ आणि खारे फरसाण यांचा त्यात समावेश होता. हा संबंध आहे, सिद्ध कारण नव्हे. परंतु दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

या गृहस्थाने काय सोडले, याची यादी निर्दोष होती. ताटात काय उरले, हे कोणी पाहिले नव्हते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून शेव, गाठिया, पापड, मैद्याच्या पुऱ्या. पाकिटावर 'जैन' छापले म्हणून पदार्थ पथ्याचा होत नाही. शास्त्रकारांनी दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांच्या पंक्तीत तळलेल्या पदार्थांनाही बसवून त्यास कढाई विगय म्हटले आणि रसपरित्यागाला बाह्य तपात स्थान दिले. आपण भाजीचा त्याग पाळला, विगयचा विसरलो.

ताट बदलले ते दौंडच्या लेकीने, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने. दाह उसळलेला असताना सालीविना मुगाची मऊ खिचडी, भाताची पेज, शिजवलेला दुधी, पिकलेले केळे. उतार पडल्यावर ज्वारीची भाकरी, डाळी, फळे हळूहळू परतली. फरसाणाचा डबा मात्र परतला नाही. औषध एक दिवसही थांबले नाही. हे महत्त्वाचे, कारण पथ्याने बरे वाटू लागले की गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. आतड्यातील दाह मोजणारी मलातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी पूर्वीपेक्षा बरीच कमी आली. श्रेय आहाराचे किती आणि औषधाचे किती, हे सांगता येणार नाही.

पर्युषणात त्यांना अठाई करायची होती. डॉक्टरांनी निर्जलतेच्या धोक्यामुळे स्पष्ट नकार दिला. ते खिन्न झाले. चातुर्मासार्थ विराजित महासतीजींनी त्यांना उणोदरी आणि स्वाध्यायाचे पच्चक्खाण दिले, दोन्हीही तपच. रात्री घ्यावयाच्या मेसालामाइनच्या गोळ्या डॉक्टरांनी सकाळीच एकदम घेण्यास सांगितल्या, आणि चौविहारही अबाधित राहिला.