ओला फडका

ज्यांच्या घरी कधीकाळी फियाट किंवा अँबॅसेडर होती, त्यांना ओल्या फडक्याची महती वेगळी सांगायला नको. 1988 च्या मे महिन्यात मामा आम्हा सगळ्यांना घेऊन बेळगावला लग्नाला निघाले होते. अनमोड घाटात गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मामा शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, मामीकडून पाण्याची बाटली घेतली आणि एक फडका भिजवून इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर टाकला. आम्ही पोरं फणसाच्या सावलीत बसलो. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू! मला वाटायचं, गाडीला ताप आला होता, मामांनी पट्टी ठेवली.

तीच गाडी, 1971 ची फियाट 1100, आजही बडोद्यात मामांच्या दारात उभी आहे. मामा मूळ गोव्याचे, पण कोयलीच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि ते दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत कायमचे रुळले. आता वय 76. स्टिअरिंगला गिअरची दांडी असलेली ती गाडी सोडून दुसरी चालवायला ते तयार नाहीत. मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बाहेर पडणंही त्या गाडीतूनच.

यंदा एप्रिलच्या एका दुपारी गाडी अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, आत मामी, आणि मामा फडका घेऊन बाहेर. शेवटी चार पोरांनी गाडी ढकलली. त्या रात्री मामीने मला फोन केला. "तुझ्या मामांना सांग, एक तर हिचं काहीतरी करा, नाहीतर विकून टाका. मी परत त्या गाडीत बसणार नाही." मामी असं निर्वाणीचं बोलणारी बाई नव्हे. मी रजा टाकून बडोद्याला गेलो.

पारा 42 वर. मामांनी मला समोर बसवून समजावलं. "पळय रे, गाडी बिघडत नाही. पेट्रोल उकळतं." जुन्या गाडीचा पंप इंजिनावरच बसवलेला असतो आणि इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे पंपाला एवढ्या लांबून पेट्रोल ओढून घ्यावं लागतं. ओढलं की नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. त्यात इंजिनाची धग. नळीत वाफ धरली की पंप वाफच ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आयुष्यभर रिफायनरीत काढलेला माणूस, त्याला हे पाठ!

उपाय उलटा करायचा. विजेवर चालणारा पंप मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला बसवायचा. मग पेट्रोल ओढायचं नाही, ढकलायचं. नळीत दाब राहतो, वाफ सहजी धरत नाही. शिवाय तो पंप इंजिनाच्या धगीपासून लांब.

इथवर मला पटलं. प्रश्न होता, कोणता पंप? आम्ही स्पेअर पार्टच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप पुढे केला. "काका, आ लई लो, जोरदार छे!" स्वस्तही होता. सर्वात कमी दराचं कोटेशन मंजूर करायची आम्हा सरकारी कारकुनांची सवय, मी लगेच पाकीट काढलं. मामांनी माझा हात धरला.

घरी येऊन त्यांनी कागदावर हिशेब मांडला. ताशी 80 किलोमीटरने गेलं आणि लिटरला 12 किलोमीटर मिळाले, तर तासाला पावणेसात लिटरही लागत नाहीत. म्हणजे मिनिटाला 110 मिलिलिटर. चहाचा एक कप! एवढं तर लहानसा पंपही देतो. खरा मुद्दा दाबाचा. कार्ब्युरेटरला दोन ते तीन पीएसआय पुरतात. टायरमध्ये आपण पंचवीसेक भरतो, आणि इंजेक्शनचा पंप देतो चाळीसच्या वर. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक लहान सुई पेट्रोल अडवून धरते. चाळीसच्या रेट्यापुढे ती काय टिकणार? पेट्रोल उतू जाऊन तापलेल्या इंजिनावर पडलं, की गाडी पेटलीच समजा.

मी गप्प झालो. आपण मामीची सोय करायला निघालो होतो, आणि नेमकं काय विकत घेणार होतो!

शेवटी दुसऱ्या दुकानात तीन पीएसआयपर्यंतच दाब देणारा, चौकोनी डबीसारखा लहान पंप मिळाला. घेण्याआधी मामांनी चार गोष्टी विचारल्या. बारा व्होल्टचा आहे का, दाब किती, इथेनॉलच्या पेट्रोलला चालतो का, आणि बॅटरीचा कोणता ध्रुव बॉडीला जोडायचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन ध्रुव बॉडीला असे. फियाटचं तसं नाही, पण विचारून घेतलेलं बरं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्याही सगळ्या नव्या घेतल्या. पंपाच्या आधी एक फिल्टर.

मेकॅनिक वायर थेट चावीला जोडणार होता. तिथेही मामा अडले. जुना पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबत असे. विजेचा पंप मात्र चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो, मग अपघातात नळी तुटलेली का असेना. म्हणून फ्यूज, रिले आणि ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच बसवून घेतला. इंजिन थांबलं, ऑइलचा दाब गेला, की पंप बंद. या स्विचपायी खर्च वाढला, पण मामांनी घासाघीस केली नाही.

जुना पंप काढून तिथल्या भोकावर जाड पट्टी आणि गॅस्केट लावलं. तो तसाच ठेवला असता आणि त्याचा पडदा फाटला असता, तर नव्या पंपाने सगळं पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये ढकललं असतं. काढलेला पंप हातात घेऊन मामा जरा वेळ बसून राहिले. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे स्क्रूसुद्धा मूळचा असलेल्या गाड्या त्यांनी डोळे भरून पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, वाईट वाटतंय?" ते म्हणाले, "त्या गाड्या बघायच्या आहेत रे. ही तुझ्या मामीला न्यायची आहे." आणि पंप पुसून, कागदात गुंडाळून डिकीत ठेवला. पुढे कुणाला परत लावावासा वाटला तर असावा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता मामी मागच्या सीटवर बसली. न बोलता. चावी फिरवल्यावर मागून टकटक ऐकू आली. मामी दचकली. इंजिन सुरू झालं तसा तो आवाज त्यात बुडून गेला. आम्ही मुद्दाम त्याच गरनाळ्यातून गेलो. पुढे एक बस अडकलेली, आम्ही दहा मिनिटं जागच्या जागी. मी काट्याकडे बघत होतो, मामा समोर. गाडी बंद पडली नाही.

पलीकडे बाहेर पडल्यावर मामी पहिल्यांदा बोलली. "आता तो फडका फेकून द्या."

मामांनी मान हलवली. पण घरी आल्यावर मी डिकी उघडली, तर जुन्या पंपाशेजारी तो फडका नीट घडी करून ठेवलेला होता.