अडीचशे की साडेचारशे?

कराड,
८ डिसेंबर २०२४

चि. बाळ यास,


तुझा मेसेज चार शब्दांचा: मामा, अडीचशे की साडेचारशे? फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं’ म्हणाला असतास आणि शेवटी मनातलीच घेतली असतीस. म्हणून निवांत बसून लिहितोय. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. अडीचशे सीसीची मोटोक्रॉस गाडी घे, फोर-स्ट्रोक. आणि तीही अजून वर्षभर थांबून.

जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी बघून आलास, तेव्हापासून साडेचारशे तुझ्या डोक्यात बसलीय, हे ताईनं मला सांगितलं होतं. बसणारच. दिव्यांच्या झोतात एवढं धूड माणसासकट हवेत जातं आणि उतारावर अलगद टेकतं, हे बघून ज्याचं मन हलणार नाही त्यानं गाड्यांच्या नादाला लागूच नये. पण त्याच ट्रॅकवर अडीचशेवाले पळाले आणि पोरांचा पंच्याऐंशी सीसीचा वर्गही होता. साडेचारशेवर बसलेली ती परदेशी मंडळी लहानपणी त्याच छोट्या गाड्यांवर होती. पन्नास, पासष्ट, पंच्याऐंशी, सव्वाशे अशा पायऱ्या चढत ती वर आली. तू मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून गच्चीवर उडी मारायला निघाला आहेस.

आपल्याकडे सीसी म्हणजे ताकद असं समीकरण पक्कं आहे. कराडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर गाडीचा पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ आता हे आकडे बघ. आपल्या गल्लीतली क्लासिक बुलेट ३४९ सीसीची, ताकद २० हॉर्सपॉवर, वजन १९५ किलो. मोटोक्रॉसची अडीचशे सीसीची गाडी ४० हॉर्सपॉवरच्या वर देते आणि वजन १०८ किलोंच्या आसपास. म्हणजे सीसी शंभरानं कमी, ताकद दुप्पट आणि वजन जवळपास निम्मं. फरक येतो इंजिनाच्या घडणीतून. जुन्या बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, उभट सिलिंडर, पिस्टनला लांब पल्ला. ती सावकाश ओढते, पण दमदार ओढते. कावासाकीच्या केएक्स २५० चा बोअर ७८ आणि स्ट्रोक ५२. पिस्टनचा पल्ला आखूड असल्यानं इंजिन मिनिटाला तेरा-चौदा हजार फेऱ्यांपर्यंत जातं, आणि खरी ताकद तिथं वर साठवलेली असते.

आमच्या उमेदीतल्या आरएक्स १०० चं बघ. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोंच्या थोडं वर. तिचे मडगार्ड आणि दिवे काढून आम्ही माळावर पळवायचो, आणि तेवढ्या अकरा घोड्यांनी हात भरून यायचे. साडेचारशेची मोटोक्रॉस गाडी तिच्यापेक्षा जेमतेम आठ-दहा किलोंनी जड आहे आणि ताकद पाचपट. हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

आता हा साडेचारशेचा आकडा आला कुठून? माणसाच्या अंगापिंडाचा विचार करून कुणी ठरवलेला नाही, तो नियमांच्या पुस्तकातून आलाय. पूर्वी मोटोक्रॉसमध्ये टू-स्ट्रोकचं राज्य होतं. टू-स्ट्रोकला क्रँकच्या प्रत्येक फेरीला धक्का मिळतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून अमेरिकेच्या नियमांत २५० सीसी टू-स्ट्रोकच्या समोर ५५० पर्यंतची फोर-स्ट्रोक चालायची. फोर-स्ट्रोक जड आणि सुस्त, त्यामुळे त्या सवलतीचा कुणाला फारसा त्रास नव्हता. यामाहानं मात्र त्या सवलतीतली संधी ओळखली. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसला डग हेन्री ४०० सीसीची प्रायोगिक फोर-स्ट्रोक घेऊन उतरला आणि शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी तशी गाडी, वायझेड ४०० एफ, दुकानात आली आणि थोड्याच वर्षांत टू-स्ट्रोकचा जमाना सरला. २००४ पासून जागतिक स्पर्धेचे वर्गही त्याच हिशेबानं पडले. मोठ्या वर्गात २५० ची टू-स्ट्रोक किंवा ४५० ची फोर-स्ट्रोक, धाकट्या वर्गात १२५ ची टू-स्ट्रोक किंवा २५० ची फोर-स्ट्रोक. म्हणजे ४५० ही एका नियमाची वरची हद्द आहे. कारखान्यांनी आपल्या गाड्या त्या हद्दीला नेऊन भिडवल्या, कारण शर्यतीत उरलेली जागा कुणी मोकळी सोडत नाही. माझ्या मते जगात जेवढ्या साडेचारशे विकल्या जातात, त्यातल्या बऱ्याच जणींना थ्रॉटल पूर्ण उघडणारा हात कधी भेटतच नाही.

त्या हद्दीच्या आत थांबूनही जिंकता येतं, याचा पुरावा अँटोनियो कैरोली. सिसिलीचा, चणीनं लहान. २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं तो मोठ्या वर्गाचा जगज्जेता झाला, तो केटीएमच्या ३५० वर, समोर बाकीचे साडेचारशेवर असताना. गाडी चपळ होती, वळणात हवी तशी पडायची आणि शर्यतीच्या शेवटच्या मिनिटालाही तो ताजा असायचा. पुढे तोही साडेचारशेवर गेला, हे लपवत नाही. गेट पडल्यापासून पहिल्या वळणापर्यंत मोठं इंजिन पुढं काढतंच. पण तो वाद जगातल्या पहिल्या दहा जणांचा आहे.

आपल्या तालुक्यातलं उदाहरण देतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेटमध्ये उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. वजनगट होते म्हणून त्यांच्या चपळाईला मोल मिळालं. त्यांना कुणी हेवीवेटच्या आखाड्यात उतरवलं नाही. इंजिनाचा वर्ग मी तसाच बघतो. तू चौसष्ट किलोंचा. नव्वद किलोंचा, पाच-सात वर्षं माती खाल्लेला गडी मला विचारायला आला, तर त्याला मी साडेचारशे घे म्हणेन, कारण तेवढं अंग चढणीवर ओढायला अडीचशेला सारखं किंचाळावं लागतं.

वजनाच्या काट्यावर दोन्ही गाड्यांत दोन-चार किलोंचाच फरक दिसेल, त्याला फसू नकोस. मोठ्या इंजिनात फिरणारा लोखंडाचा ऐवज जास्त आणि त्याचा जोर गाडीला सरळ ठेवायला बघतो. वळणात गाडी पाडताना, हवेत तिचं तोंड वळवताना ते खांद्यांना कळतं. शिवाय थ्रॉटल सोडला की मोठं इंजिन मागून कुणी धरल्यासारखं ओढतं. नवा माणूस या सगळ्याला भिऊन हँडल घट्ट आवळतो. मग दोन-तीन फेऱ्यांत कोपराच्या खालचा हात दगड होतो, बोटं क्लचवर उघडत नाहीत आणि अशा वेळी माणूस पडतो. अडीचशेवर तू चुकीच्या गिअरमध्ये वळणात शिरलास तर गाडी रडेल, वेळ जाईल. साडेचारशेवर तीच चूक मागचं चाक फेकून देईल. अडीचशे तुला गिअर, क्लच आणि वेग राखणं शिकवेल, कारण ते केल्याशिवाय ती पळतच नाही. मोठ्या इंजिनावर मनगट पिळून चूक झाकता येते, आणि झाकलेली चूक अंगात मुरते.

सगळ्यात चांगली मास्तरीण म्हणजे सव्वाशेची टू-स्ट्रोक. नव्वद किलोंच्या आतबाहेर, पॉवर अगदी अरुंद पट्ट्यात, सतत क्लचशी खेळावं लागतं. पण गेल्या महिन्यात केटीएमनं आपल्याकडे ज्या मोटोक्रॉस गाड्या आणल्या, त्यांत ५०, ६५, ८५, २५० आणि ४५० आहेत, सव्वाशे नाही. मग तुझ्यासाठी मधली पायरी कोणती? हीरोची एक्सपल्स २००. साधारण १९ हॉर्सपॉवर, १६० किलो, म्हणजे मोटोक्रॉसच्या मानानं जड आणि मऊ. पण तिला नंबरप्लेट लागते. एमएच ५० घेऊन ती घरापासून माळापर्यंत रस्त्यानं जाते आणि पडली तर लिव्हर ओगलेवाडीत मिळतो. तिच्यावर वर्षभर उभं राहून चालवायला शीक, चरातून काढायला शीक, मागचा ब्रेक जोखायला शीक.

मोटोक्रॉसच्या गाडीला ना दिवे, ना आरसे, आणि आरटीओत तिची नोंदणी होत नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडवरसुद्धा ती काढायची नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. छोट्या हत्तीत चढवायची, माळावर उतरवायची. हा खर्च हिशेबात धर. आणि तिचं आयुष्य किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. काही तासांनी तेल, प्रत्येक वेळी एअर फिल्टर धुणं, आणि हौशी वापरातही पन्नासएक तासांनी पिस्टन उघडून बघणं. इथं साडेचारशेची बाजू थोडी वरचढ आहे, कमी फेऱ्यांत काम भागतं म्हणून ती जास्त तास टिकते. पण खोलायची वेळ आली की बिल दोन्हींचं रडवतं. अडीचशेची किंमतच कित्येक लाखांत जाते. दाजींना तो आकडा तू स्वतः सांग, माझ्या तोंडून नको.

जमिनीचंही बघ. आपलं मळईचं रान काळं. पावसाळ्यात ती माती चाकाला लागली की मडगार्ड भरून गाडी जागच्या जागी बसते, सीसी कितीही असो. पाऊस ओसरल्यावर, ऊस तुटला की बांधाकडेच्या वाटा चालतील, पण खोडवा ठेवलेल्या रानात चाक घालायचं नाही. सराव करायचा तो वरच्या मुरमाड माळावर. तिथं ऑक्टोबर ते मे जमीन कडक आणि वर बारीक खडी. अशा निसटत्या जमिनीवर जास्त ताकद नुसती चाक फिरवते, पुढं नेत नाही. वाळवंटात गोष्ट वेगळी. याच वर्षी केरळच्या शोरनूरचा हरिथ नोहा डाकार रॅलीत रॅली-२ वर्ग जिंकला, तो ४५० वर. पण तिथंही २०११ पासून ४५० ही कमाल मर्यादा आहे, आणि ती वेग आवरायला घातलेली आहे.

पहिल्या पगारातून गाडीआधी हेल्मेट, गुडघ्याचे ब्रेस, मानेचा पट्टा आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घे. एकट्यानं माळावर जायचं नाही, बरोबर कुणीतरी फोन घेऊन उभं हवं.

पुण्यात शोरूमला जाशील तेव्हा अडीचशेवर बूट घालून बस. सीट जमिनीपासून साडेनऊशे मिलिमीटर वर असते, दोन्ही पाय टेकणार नाहीत. एका पायाचा चवडा भक्कम टेकला तरी पुरे. टोकनचे पैसे भरण्याआधी फोन कर, मी एसटीनं सकाळी निघून येतो. ताईला नमस्कार सांग, आणि एक्सपल्स सेकंडहँड बघायची असेल तर इथं दोन गाड्या माझ्या नजरेत आहेत. त्यातल्या एकीची चेसिस सरळ आहे, ती मी संक्रांतीपर्यंत धरून ठेवायला सांगितलीय.

तुझा,
मामा