मागाच्या मापाचं घर

भाड्याची जागा बघायला गेलं की आपण बायका आधी स्वयंपाकघर बघतो, मग पाणी, मग ऊन. फ्रान्समधल्या लीओं शहरात, क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर आमचं बिऱ्हाड आहे. इथे मात्र भाव असतो तो छताच्या उंचीला! चांगलं तेरा फूट उंच छत, उघड्या जाडजूड तुळया आणि उंचच उंच खिडक्या. आल्यागेल्याला भारी कौतुक. पण जळमटं काढायला शिडी लागते आणि थंडीत सगळी ऊब वर तुळयांपाशी जाऊन बसते, ते माझं मी जाणे.

ही उंची कुणा हौशी मालकाची ऐट नव्हे बरं का. एकोणिसाव्या शतकात ही घरं बांधली ती रेशीम विणणाऱ्यांसाठी. त्यांना ‘कानु’ म्हणत. इथल्याच जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारी यंत्ररचना तयार केली. आपल्या हातमागवाल्यांच्या तोंडी असलेलं ‘जॅकार्ड’ ते हेच. ती यंत्ररचना मागाच्या माथ्यावर बसते. त्यामुळे माग उंच झाला आणि मागापायी छत. जुन्या वस्तीतल्या बुटक्या खोल्यांत तो मावेना, म्हणून विणकर टेकडीवर आले. बारीक काम, उजेड भरपूर हवा, म्हणून खिडक्या मोठ्या.

आणि माणसं? ती उरलेल्या जागेत. कोपऱ्यात चूल, तिच्या डोक्यावर लाकडी पोटमाळा. त्याला ‘सूपांत’ म्हणतात. तिथे सगळ्यांनी निजायचं. आमच्या सूपांतवर आता मुलांची अंथरुणं असतात. चादरी बदलायच्या तर मला कमरेत वाकावं लागतं. मागाला तेरा फूट, आणि घरच्या बाईला ताठ उभं राहण्याइतकीही जागा नाही! तिने कांड्या भरायच्या, मागावर बसायचं, शिवाय शिकाऊ पोरांसकट सगळ्यांचं रांधायचं. माग दिवसाचे पंधरा-सोळा तास चाले. त्याच्या खडखडाटावरून त्याचं नावच पडलं ‘बिस्तांक्लाक’.

टेकडीच्या उतारावर वाड्यांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, त्राबूल. एका दारातून शिरायचं, चौक ओलांडायचा, जिने उतरायचे की पलीकडच्या गल्लीत. काही बोळ दिवसा सगळ्यांना खुले असतात, मात्र आत लोक राहतात, तेव्हा आवाज बेताने!

माग कानुचा असला तरी रेशीम व्यापाऱ्याचं आणि मजुरीही तोच ठरवणार. १८३१ च्या नोव्हेंबरात किमान दरासाठी कानु टेकडीवरून खाली उतरले, काही दिवस शहरच त्यांच्या ताब्यात होतं. दर काही टिकला नाही. १८३४ चा उठाव तर रक्त सांडून मोडला. ही झाली पुस्तकातली लढाई. माझ्या मनात घर करून आहे तो १८६९ चा संप. रेशमाला पीळ देणाऱ्या बायकांचा. त्यातल्या कितीतरी जणी मालकाच्याच जागेत निजत. संप केला तशी मालकांनी त्यांना ट्रंकांसकट रस्त्यावर काढलं. म्हणजे रोजगारही गेला आणि छप्परही. मागणी होती रोज दोन फ्रँकची. ते मिळाले नाहीत, कामाचे तास मात्र कमी झाले. इतक्या मोठ्या वास्तूंच्या शहरात या बायकांची आठवण सांगणारं फार थोडं दिसतं.

कानुंच्या ताटातला एक पदार्थ अजून इथे घरोघरी होतो. नाव ‘कानुचा मेंदू’, पण दचकू नका, मेंदूबिंदू काही नसतो. इथे मऊ ताजं चीज घेतात, तुम्ही चक्का घ्या. त्यात कांद्याची पात, बारीक चिरलेला छोटा कांदा, किंचित लसूण, कोथिंबीर, मीठ, मिरपूड, चमचाभर तेल आणि थोडं व्हिनेगर. गार करून उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढायचं. आमच्याकडे तर भाकरीबरोबरही खपतो.