गेजमधला सेल

शेतकरी बंधू-भगिनींनो, ठिबकचे गेज तुम्हांला नवे नाही. तिथे 1 किलो दाब मिळाला की पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचते. माझा पुतण्या बीडला नेमबाजी शिकतो. त्याच्या हवाई रायफलीच्या टाकीत 200 किलोच्या आसपास दाब भरतात!

परवा तिच्या डिजिटल गेजवरचे आकडे पुसट झाले. "काका, गेज बिघडलं," म्हणत त्याने पाना उचलला. मी ओरडलोच. आत हवा असताना गेज ढिले केले, तर ते गोळीसारखे सुटेल. बिघाड नव्हताच, सेल उतरला होता. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, गेजच्या मागचे झाकण तेवढे नाण्याने फिरवले. सेलवर लिहिले होते सीआर 2032. म्हणजे 20 मिलिमीटर रुंद, 3.2 जाड. तसाच घड्याळवाल्याकडून आणला, कोरड्या फडक्याने पुसला, अधिकची खूण पाहून बसवला. आकडे लख्ख!

जुना सेल मात्र ओसरीवरच राहिला. दीड वर्षाच्या नातीने तो तोंडाकडे नेला. वहिनींनी झडप घातली म्हणून निभावले. फवारणीच्या औषधाचे डबे मुलांपासून दूर ठेवा, हे 30 वर्षे गावोगाव सांगणारा मी, आणि माझ्याच घरी हे!

असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर उतरलेला असला तरी 2 तासांत आतून भाजतो. उलटी काढायची नाही; तडक एक्स-रे असलेला मोठा दवाखाना गाठायचा. आमचे जुने सेल आता दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बरणीत, माळ्यावर असतात. वजनकाट्यातलेसुद्धा.