साडेतेरा गोण्यांचा मासा

आमच्या पिढीतल्या कामगारांच्या पोरांनी काचेमागचा मासा पाहिला तो मरीन ड्राईव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय म्हणजे वर्षातून एकदा घडणारी सहल. रांगेत उभे राहायचे, तिकीट काढायचे, काचेला नाक लावायचे आणि परत लोकलने घरी. मासा घरात पाळण्याची चैन आपल्यासाठी नव्हती. ती मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आणि हॉटेलांत दिसायची.

आता तसे राहिले नाही. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कोणत्याही नोडमध्ये जा, एका खोलीच्या घरातही टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. त्यात रंगीत गप्पी, एखादा गोल्डफिश आणि काच चाटणारा काळा सकर मासा. मला याचे वाईट वाटत नाही. माझ्यासारख्या माथाडी कामगाराच्या मुलाला अभ्यासाखेरीज एखादा छंद असावा, त्याने एखादा जीव जपावा, त्यात चांगलेच आहे. माझे म्हणणे आहे ते दुसऱ्याच एका प्रकाराबद्दल. गेल्या काही वर्षांत बाजारात ‘मॉन्स्टर फिश’ नावाची एक हौस आली आहे. मोठे होणारे, शिकारी, दातांचे मासे. विकताना ते बोटाएवढे असतात. खरी गोष्ट पुढे सुरू होते.

आमच्या घरी हा पाहुणा आला तेव्हा मुलगा नववीत होता. खाऊचे आणि बक्षिसाचे पैसे साठवून त्याने तो आणला. लांब चोच, अंगावर काळे पट्टे, पाच इंचांचा देह. दुकानदाराने नाव सांगितले अॅलिगेटर गार. आमच्या आईने नाव ऐकले आणि म्हणाली, “गार कसला बाबा, डोळे बघ त्याचे.” दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो. आमची टाकी दोन फुटांची, म्हणजे मासाही बेताचाच राहणार, असा मुलाचा हिशेब.

वाचकहो, हे वाक्य तुम्हालाही कोणी ऐकवील, म्हणून सांगतो. ते खोटे आहे. लहान टाकीत मासा वाढायचा थांबत नाही, तो वाढता वाढता बिघडतो. घाण पाण्यात आणि तोकड्या जागेत त्याची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटते. लहान बूट घातल्याने पोराचा पाय लहान राहत नाही, तो वाकडा होतो. तसेच हे.

अॅलिगेटर गार मूळचा अमेरिकेतला. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या पाण्यात तो राहतो. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी हा एक. २०११ साली मिसिसिपी राज्यात जाळ्यात सापडलेला एक गार आठ फुटांहून लांब आणि जवळजवळ १४८ किलो वजनाचा होता. त्याचे आयुष्य पन्नास वर्षांच्याही पुढे जाते. अंगावरचे खवले हाडासारखे कठीण आणि एकात एक गुंतलेले. त्याची अंडी माणसाला विषारी. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो, कारण त्याची पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखे काम करते. रात्री घर झोपले की टाकीतून ‘बुडुक’ असा आवाज यायचा, तो हा.

पहिल्या महिन्यात टाकीतले गप्पी संपले. तिसऱ्या महिन्यात मासा दहा इंचांचा झाला. नऊ महिन्यांत सव्वा फूट. टाकीची रुंदी एक फूट आणि याचे अंग ताठ, त्यामुळे त्याला धड वळता येईना. नाक काचेवर घासून चोचीचे टोक पांढरे पडले. मुलगा समोर बसून बघायचा आणि गप्प राहायचा.

खाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. या माशासाठी जिवंत मासे मिळतात, दुकानात त्यांना ‘फीडर’ म्हणतात. संध्याकाळी इमारतीतली पोरे आमच्या दारात जमायची. एक जिवंत गोल्डफिश टाकीत सोडला की गार काठीसारखा स्थिर राहायचा, मग मान आडवी मारून एका झटक्यात पकडायचा. पोरे टाळ्या वाजवायची. माझ्या पत्नीने दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, हे बंद करा. आपण काही शाकाहारी नाही, मांदेली मीच आणते. पण पोटासाठी आणणे वेगळे आणि जीव जाताना बघून टाळ्या पिटणे वेगळे. सकाळी पंचशील म्हणायचे आणि संध्याकाळी हा तमाशा, मला नाही जमायचे.”

त्यावर मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो करंदीचे आणि मांदेलीचे तुकडे चिमट्याने भरवू लागला. आठवडाभर माशाने तोंड लावले नाही, नंतर घेऊ लागला. पुढे त्यानेच वाचून सांगितले की, गोल्डफिशमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा एक पदार्थ असतो. रोज तेच खाल्ले तर शिकारी मासा आजारी पडतो. म्हणजे त्या टाळ्या गोल्डफिशच्या जिवावर होत्या आणि गारच्याही.

आता जागेचे बघा. दुकानदाराने तोडगा सांगितला, सहा फुटी टाकी घ्या. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. मी आयुष्यभर एपीएमसीच्या दाणा मार्केटमध्ये पाठीवर ओझे वाहिले. मला वजनाचा हिशेब कागदाशिवाय येतो. एक घनफूट पाणी म्हणजे सव्वाअठ्ठावीस किलो. ही टाकी चोवीस घनफुटांची, म्हणजे ६८० किलो नुसते पाणी. पन्नास किलोच्या साडेतेरा गोण्या! वर काचेचे आणि लोखंडी स्टँडचे वजन वेगळे. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधलेला असतो. ही टाकी जेमतेम एक चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त जागा व्यापते आणि तेवढ्यावर तिप्पट भार टाकते. स्लॅब लगेच कोसळतो असे नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण ज्या जुन्या इमारतीत पावसाळ्यात छताचे प्लास्टर पडते, तिथे तिसऱ्या मजल्यावर साडेतेरा गोण्या कायमच्या रचून कोण ठेवील? खाली दुसऱ्याचा पाळणा टांगलेला असतो.

शिवाय पाणी. मासा जे खातो त्याची घाण पाण्यात अमोनिया होऊन उतरते. अमोनिया माशाला विषच. टाकीतले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जंतू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. नायट्रेट काढायला दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, म्हणजे १७० लिटर, अकरा-बारा बादल्या. त्यातही नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून ते दिवसभर भरून ठेवायचे. चाळीस वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज. हत्ती पोसायचा तर दारही हत्तीचे लागते.

मग घरात बैठक बसली. आई म्हणाली, “जीव आहे तो. तळ्यात मोकळा सोडा, दुवा देईल.” शेजाऱ्यांचेही तेच मत. जवळच होल्डिंग पाँड आहे, रात्री पिशवी रिकामी केली की सुटलो. आणि मला वाटते, आपल्यापैकी दहांतले नऊजण हेच करतील, तेही दयेपोटी.

मी त्या आठवड्यात दिवाळे गावच्या एका कोळी मित्राला विचारले. तो हसला आणि त्याने जिताड्याची गोष्ट सांगितली. जिताडा हा आपल्या खाडीचा राजा. पेण-अलिबागकडे आगरी-कोळी लोक खाजणातल्या तळ्यांत तो पाळतात. तोही मोठा होतो, तोही शिकारी. “येक जिताडा तल्यान सोडला, का बारका मावरा त्याचाच,” तो म्हणाला. पण जिताडा इथला आहे. खाडीत त्याला खाणारे आहेत, त्याला ओळखून पळणारे मासे आहेत, त्याला धरणारे कोळी आहेत. हजारो वर्षांत सगळ्यांचा एकमेकांशी हिशेब बसला आहे. तुझ्या या पाहुण्याचा इथे कुणाशीच हिशेब नाही, असे त्याचे म्हणणे.

होल्डिंग पाँडचे पाणी तिथेच राहत नाही, हेही लक्षात घ्या. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने ही तळी बांधली. भरतीत झडपा बंद राहतात, पावसाचे पाणी साठते, ओहोटीत ते खाडीत जाते. गार खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत जगू शकतो. पाँडमध्ये सोडलेला मासा उद्या ठाण्याच्या खाडीत. त्याच खाडीवर दिवाळे, वाशी, सारसोळे, ऐरोलीकडच्या कोळ्यांची चूल पेटते. आपली दया आणि त्यांच्या पोटावर पाय.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. घडलेले आहे. केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर नद्यांमध्ये गार आणि अरापैमा हे परदेशी मासे सापडले, पाळलेल्या जागांतून वाहून गेलेले. एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात गार सापडला आणि मे २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात. आपल्या घरच्या टाकीतला तो निरुपद्रवी सकर मासा कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात शिरला आणि तिथल्या मासेमारांच्या डोक्याला ताप झाला. आपल्या महाराष्ट्रात बाजारात स्वस्त मिळणारी चिलापी १९५२ साली परदेशातून भारतात आणली गेली. आज उजनीच्या जाळ्यात तीच भरभरून येते. आफ्रिकन मागूरवर तर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली. एकदा पाण्यात गेलेला मासा परत मोजून काढता येत नाही.

पण गारला राक्षस ठरवण्याचेही कारण नाही. त्याच्या स्वतःच्या देशात विसाव्या शतकात लोकांनी त्याला उपद्रवी समजून बेसुमार मारले. आता तिथे त्याला जपण्याचे प्रयत्न चालू आहेत. टेक्सास राज्यात २००९ पासून माणशी दिवसाला एकच गार धरता येतो. आपल्या जागी तो नदीचा एक उपयोगी रहिवासी. दोष त्याच्या दातांत नाही, त्याला पिशवीत घालून हजारो मैल आणण्यात आहे.

तळे बाद झाले. दुकानदार म्हणाला, “द्या परत, दुसरे गिऱ्हाईक बघतो.” मुलाने तिथेच नकार दिला. “पप्पा, तो दुसऱ्या कोणाला तेच सांगणार, टाकीएवढाच वाढतो म्हणून.” पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकताना मला बरे वाटले. तिसरा मार्ग पशुवैद्यकाकडून त्याला वेदना न होता मरण देण्याचा. तो मार्ग अनेक जाणकार खुलेपणाने सांगतात आणि पाण्यात सोडण्यापेक्षा तो बराच. आमच्या घरात त्यावर दोन रात्री बोलणे झाले आणि कोणाचेच मन होईना.

शेवटी पनवेलकडे एक हौशी गृहस्थ भेटले. बंद गाळ्यात तळमजल्यावर दहा फुटी सिमेंटची टाकी, वर जाळी, बाहेर जाणारी नाली नाही. आम्ही मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून, झाकणाच्या पिंपातून नेला. प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. तो मासा आणखी वाढेल आणि ती टाकीही त्याला अपुरी पडेल. मुलगा महिन्यातून दोन रविवार तिथे पाणी बदलायला जातो. जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळे व्हायचे नाही, एवढे तो त्यातून शिकला. दहावीच्या अभ्यासातून वेळ काढतो, मी अडवत नाही.

आमच्या इमारतीतल्या पोरांसाठी त्याने एका कागदावर चार गोष्टी लिहून जिन्याजवळ लावल्या आहेत, त्या आपल्या वाचकांच्या घरांतही उपयोगी पडतील. मासा घेण्याआधी तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि किती वर्षे जगतो हे दुकानदाराला नव्हे, पुस्तकाला किंवा जाणकाराला विचारा. जो मासा आपल्या टाकीच्या रुंदीपेक्षा लांब होणार, तो घेऊ नका. एशियन अरोवानासारख्या काही माशांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, वन्यजीव कायद्यात २०२२ साली तशी दुरुस्ती झाली आहे, तेव्हा कागद मागा. आणि पाळलेला कोणताही मासा, अगदी गप्पीसुद्धा, नाल्यात, तळ्यात, खाडीत सोडू नका.

पाच रुपयांचे गप्पीदेखील रोज बघितले तर दिवसभराचा शीण उतरतो. दाणा मार्केटमधून आलेल्या माणसाला हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. त्यासाठी घरात मगरीचे तोंड लागत नाही.