प्रोसेसर निवडण्याआधी

रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावात अजून चालू असलेल्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरांमध्ये एच ६१ बोर्ड आणि पेंटियम जी २०२० ही जोडी नेहमी भेटते. त्यांच्यावर लातूरच्या शिकवण्यांचे व्हिडिओ बघायचे असतात, नीटच्या सराव चाचण्या सोडवायच्या असतात, दुकानाचा हिशेब ठेवायचा असतो. मशीन संथ झालं की घरचे विचारतात, स्वस्तात सगळ्यात वेगवान प्रोसेसर कोणता? माझं ठाम मत आहे की आधी मशीन नेमकं कुठं अडतंय ते शोधावं, मग बोर्ड काय पेलतो ते बघावं. एवढं झालं की प्रोसेसरची निवड जवळपास आपोआप होते.

शोधायला टास्क मॅनेजर पुरतो. डिस्क सतत शंभर टक्के आणि प्रोसेसर निम्म्यावर असेल, तर पैसे एसएसडीवर घालावेत. या बोर्डाचं साटा जुन्या ३ गिगाबिटचं असलं तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक लगेच जाणवतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करावी. एवढ्यानंतरही व्हिडिओ चालताना प्रोसेसर शंभरवर जात असेल, तरच त्याची पाळी येते. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी ९ पद्धतीनं पाठवतं. ते उलगडण्याची सोय या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नाही, म्हणून सगळा भार दोन कोरवर पडतो. इथं चार कोरचा आय ५-३४७० खरंच कामाला येतो. तो त्याच ११५५ सॉकेटात बसतो. जी २०२० हाही त्याच पिढीचा असल्यानं बोर्डाचं बायोस सहसा अपडेट करावं लागत नाही, पण लागलंच तर लाइटीचा भरवसा नसलेल्या गावात ते यूपीएसशिवाय करू नये. पेंटियम ५५ वॅटचा, हा ७७ वॅटचा. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीपार जातो, तेव्हा हीटसिंकची धूळ काढून नवी थर्मल पेस्ट लावणं हा याच कामाचा भाग समजावा.

कुणी म्हणेल, मग आय ७-३७७० का नको? त्यालाही कोर चारच आहेत. वाढीव थ्रेडचा उपयोग व्हिडिओ एडिटिंगला होतो, व्हिडिओ बघायला फारसा नाही. जुन्या मालाची भीतीही रास्त आहे, पण प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो बोर्ड. म्हणून फुगलेले कपॅसिटर आणि सॉकेटातल्या वाकलेल्या पिना आधी तपासाव्यात. सगळ्यात वजनदार आक्षेप विंडोजचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही पिढी नाही. अभ्यासापुरत्या मशीनवर लिनक्स मिंट घालून हा प्रश्न सुटतो. पण ज्या घरात विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर आहेत, त्यांनी जुन्या सॉकेटात एक रुपयाही घालू नये. ते पैसे पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवावेत. बेताच्या पैशात प्रत्येक रुपया अडलेल्या जागीच लागला पाहिजे आणि ती जागा दाखवून देणं ही दुरुस्ती करणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.