फाइल जागेवर आहे, तरी सापडत नाही

टर्मिनलवर सुरळीत चालणारा जावाचा प्रोग्रॅम एक्लिप्समध्ये किंवा इंटेलिजेमध्ये रन केला की सुरू होताच कोसळतो आणि लाल अक्षरांत 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' उमटतो. ओपनसीव्ही वापरणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो. मग कुणी आयडीई काढून नव्याने टाकतो, कुणी डीएलएल उचलून थेट सिस्टम३२ मध्ये नेऊन ठेवतो. हा दुसरा उपाय तर मला अजिबात मान्य नाही. आज काम भागतं, पण पुढे आवृत्ती बदलली की जुनीच फाइल गुपचूप लोड होत राहते.

जार फाइलमधला बाइटकोड कुठल्याही यंत्रावर चालतो. नेटिव्ह लायब्ररी मात्र सी किंवा सी++ मधून विशिष्ट प्रोसेसर आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टमसाठीच बनलेली असते. १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत आलेलं जेएनआय या दोघांना जोडतं. जार क्लासपाथवर शोधला जातो, लायब्ररी 'जावा.लायब्ररी.पाथ'मध्ये. जार जोडला म्हणजे लायब्ररीही जोडली गेली, असं समजणं हेच बहुतेक गोंधळाचं मूळ.

म्हणून संदेश शेवटपर्यंत वाचावा. 'नो अमुक इन जावा.लायब्ररी.पाथ' असं असेल तर जावाला फाइलच दिसलेली नाही. तो पाथ आयडीईमधूनच छापून पाहा. एक्लिप्समध्ये बिल्ड पाथमधल्या त्या जारखाली 'नेटिव्ह लायब्ररी लोकेशन' भरावं, इंटेलिजेमध्ये रन कॉन्फिगरेशनच्या व्हीएम ऑप्शन्समध्ये पाथ द्यावा. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर कोडमधून ही प्रॉपर्टी बदलून उपयोग होत नाही.

'कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज' हा वेगळाच आजार. इथे तुमची डीएलएल सापडली आहे, पण तिला लागणारी दुसरी सापडत नाही, आणि ती दुसरी जावा शोधत नाही, विंडोज शोधतं. त्यामुळे 'जावा.लायब्ररी.पाथ' कितीही बदला, फरक पडणार नाही. ती डीएलएल सिस्टमच्या 'पाथ'मधल्या फोल्डरमध्ये हवी. 'पाथ' बदलल्यावर आयडीई बंद करून पुन्हा उघडावा लागतो, कारण चालू प्रोसेस जुनीच मूल्यं धरून बसते. लिनक्सवर हेच काम 'एलडी_लायब्ररी_पाथ' करतं. ते बॅशआरसीमध्ये लिहिलेलं असेल, तर आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या आयडीईपर्यंत ते बहुधा पोचतच नाही. टर्मिनलवर चालतं आणि आयडीईत चालत नाही, याचं हे नेहमीचं कारण.

उरलं आर्किटेक्चर. ६४ बिटच्या जावाला ३२ बिटची डीएलएल चालत नाही. २०२० मध्ये ॲपलचे एम१ मॅक आल्यापासून तिथेही हा प्रश्न उभा राहिला: इंटेलसाठीची लायब्ररी एआरएमच्या जावात लोड होत नाही.

मदत मागताना कृपया एररचा पूर्ण मजकूर, 'जावा.लायब्ररी.पाथ' आणि 'ओएस.आर्च' यांची छापलेली मूल्यं सोबत पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्यावरून उत्तर देता येतं.